टाइमशेअरचे पॉइंट बदलून दुसरीकडे मुक्काम : फायदा कोणाला, तोटा कोणाला?

एकदाच रक्कम भरा, पंचवीस वर्षे दरसाल सात दिवस सुट्टी घ्या आणि एकाच ठिकाणाचा कंटाळा आला तर तीच सुट्टी जगात कुठेही बदलून घ्या, असे सांगून टाइमशेअरची सदस्यता विकली जाते. पेट्रोल पंपावर किंवा मॉलमध्ये भरून घेतलेले कूपन, मग "आपल्याला बक्षीस लागले आहे" असा फोन, पती-पत्नी दोघांनी मिळून यावे ही अट आणि हॉटेलातील दोन तासांची बैठक, हा प्रकार शहरातील बहुतेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. या बैठकीत विक्रेत्याच्या हातातील हुकमाचे पान असते ते अदलाबदलीचे. महाबळेश्वरचा आठवडा देऊन स्पेनचा किंवा थायलंडचा आठवडा मिळतो हे ऐकले की पाच-सात लाखांची रक्कमही माणसाला जड वाटेनाशी होते.

आखातात नोकरी करणारे आपले अनेक बांधव, तसेच मुंबई, पुणे, भिवंडी, मालेगाव येथील व्यापारी कुटुंबे अशा योजनांची गिऱ्हाईके आहेत. काहींनी पैसे भरलेले आहेत, तर काही विचारात आहेत. या दोघांसाठी प्रश्न एकच दिसत असला तरी त्याचे उत्तर वेगवेगळे आहे. ते का, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे.

योजना चालते कशी?

टाइमशेअर ही कल्पना युरोपातील. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली स्थापन झालेली हापीमाग ही या धंद्यातील आद्य कंपन्यांपैकी एक. पुढे अमेरिकेत हा धंदा फोफावला तेव्हा एक अडचण पुढे आली. ज्याने फ्लोरिडातील समुद्रकिनाऱ्याचा फेब्रुवारीतील आठवडा विकत घेतला, त्याला दरवर्षी त्याच खोलीत, त्याच तारखांना जावे लागे. ही अडचण ओळखून जॉन आणि ख्रिस्टेल डी हान या दांपत्याने १९७४ साली इंडियानापोलिस येथे आर.सी.आय. ही अदलाबदल करणारी संस्था काढली. १९७६ मध्ये मायामीत इंटरव्हल इंटरनॅशनल ही दुसरी संस्था निघाली. आजही जगातील अदलाबदलीचा मोठा भाग या दोघींकडेच आहे. भारतात स्टर्लिंग १९८६ पासून आणि महिंद्रा हॉलिडेज १९९६ पासून या धंद्यात आहेत. आपल्याकडील परदेशी अदलाबदल प्रामुख्याने आर.सी.आय.मार्फत होत आली आहे.

पद्धत साधी आहे. सदस्य आपला आठवडा संस्थेकडे जमा करतो. असे हजारो आठवडे एका सामाईक साठ्यात पडतात. ज्याने जमा केले त्याला त्या साठ्यातून दुसरा आठवडा उचलता येतो. तुमचा आठवडा घेणारा आणि तुम्हाला आठवडा देणारा ही एकच व्यक्ती असावी लागत नाही. पूर्वी आठवड्याच्या बदल्यात आठवडा असा हा व्यवहार होता. पुढे त्याला पॉइंटचे रूप आले. डिस्नेने १९९१ पासून पॉइंटवर आधारित सदस्यता विकली, आर.सी.आय.ने २००० साली पॉइंटची पद्धत सुरू केली आणि मॅरियटने २०१० साली आपला क्लब आठवड्यांवरून पॉइंटवर आणला. पॉइंटमुळे आठवड्याचे तुकडे करता येऊ लागले. कुठे तीन रात्री, कुठे चार रात्री राहता येते, तर कुठे पॉइंट देऊन हॉटेल, विमानाचे तिकीट किंवा समुद्रसफरही घेता येते. सोय वाढली हे खरे. परंतु सोयीबरोबर हिशोब धूसर झाला, हेही तितकेच खरे.

पॉइंट म्हणजे पैसा नव्हे

रुपयाची किंमत बाजार ठरवतो. पॉइंटची किंमत मात्र कंपनीने छापलेल्या तक्त्यावर ठरते आणि तो तक्ता बदलण्याचा अधिकार बहुतेक करारांत कंपनीनेच आपल्याकडे ठेवलेला असतो. तुमच्या आठवड्याचे वजन ठरवताना मुख्यतः चार गोष्टी पाहिल्या जातात : हंगाम कोणता, खोली केवढी, रिसॉर्टचा दर्जा आणि मागणी काय, आणि आठवडा किती आधी जमा केला. यापैकी हंगामाचा भार सर्वांत मोठा असतो. क्लब महिंद्राच्या सदस्यतेत जांभळा, लाल, पांढरा आणि निळा असे हंगामांचे रंग आहेत ते याच कारणासाठी. स्वस्त रंगाची सदस्यता घेऊन नाताळात गोवा किंवा मे महिन्यात महाबळेश्वर मिळेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होते.

हंगामाने किंमत कशी बदलते हे पटवून देणारे एक उदाहरण मक्केचे आहे. हरम शरीफलगतच्या अब्राज अल-बैत संकुलातील जमजम टॉवरसाठी कुवेतच्या मुन्शआत या कंपनीने २००३ साली 'सुकूक अल-इन्तिफा' काढून सुमारे ३९ कोटी डॉलर उभे केले. ही जागा किंग अब्दुल अजीज वक्फची असून ती २८ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली होती. सुकूक घेणाऱ्याला २४ वर्षांपर्यंत, वर्षातील ठरावीक मुदतीपुरता निवासाचा हक्क मिळाला. जमिनीची किंवा इमारतीची मालकी मिळाली नाही. म्हणजे हा टाइमशेअरचाच एक प्रकार झाला. आता हजचे दिवस किंवा रमजानचा अखेरचा अशरा यांना जी किंमत येते, ती त्याच खोलीतील सफर महिन्याच्या साध्या आठवड्याला कशी येईल? खोली तीच, भिंती त्याच, परंतु माल वेगळा. टाइमशेअरमध्ये आपण खोली घेत नसून तारखा घेत असतो, हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे अदलाबदलीचे निम्मे कोडे सुटते.

खरा हिशोब

समजा, एका सदस्याने ५ लाख रुपये भरून २५ वर्षांची सदस्यता घेतली. भरलेली रक्कम वर्षाला २० हजार पडली. वार्षिक देखभाल शुल्क २४ हजार रुपये आहे आणि परदेशी अदलाबदलीचे शुल्क १४ हजार रुपये आहे. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी आपल्या पावत्यांवरील आकडे घालावेत.) बदलून मिळणारा मुक्काम खुल्या बाजारात ६ हजार रुपये रोजाने मिळतो, म्हणजे सात रात्रींचे ४२ हजार होतात.

आता जो अद्याप सदस्य नाही त्याचा हिशोब पाहू. २० हजार, २४ हजार आणि १४ हजार मिळून ५८ हजार रुपये झाले. ४२ हजारांच्या मुक्कामासाठी तो ५८ हजार मोजणार आहे. म्हणजे १६ हजारांचा तोटा झाला. शिवाय पाच लाख रुपये सुरुवातीलाच गेले. ते दुकानात, मालात किंवा भाड्याच्या गाळ्यात घातले असते तर काय मिळाले असते, हे यात धरलेलेच नाही. देखभाल शुल्क दरवर्षी वाढते, तेही धरलेले नाही. तेव्हा केवळ अदलाबदल करता येते म्हणून नवी सदस्यता घेणे, हा व्यवहार सहसा हिशोबात बसत नाही.

ज्याने पैसे आधीच भरले आहेत त्याचा हिशोब निराळा आहे. भरलेले पाच लाख परत येणारे नाहीत, म्हणून ते बाजूला ठेवावेत. देखभाल शुल्क तर तो कुठेही गेला किंवा घरी बसला तरी द्यावेच लागते. मग त्याच्यापुढे प्रश्न उरतो तो एवढाच, की हा आठवडा बदलून दिला नाही तर त्याचे होणार काय?

आठवडा वाया जाणार असेल तर १४ हजार भरून ४२ हजारांचा मुक्काम मिळतो. बदल अवश्य करावा. परंतु हाच आठवडा मे महिन्यात स्वतःच्या रिसॉर्टमध्ये वापरता येत असेल आणि तेव्हा तेथील खोलीचा बाजारभाव सात रात्रींना ५० हजार असेल, तर ५० हजारांचा माल देऊन आणि वर १४ हजार भरून ४२ हजारांचा माल घेतल्यासारखे होईल. असा बदल तोट्याचा आहे, मग ते ठिकाण परदेशात का असेना. बदलून काय मिळते एवढेच न पाहता बदलताना हातचे काय सुटते, हेही पाहावे. व्यापारी माणसाला हे वेगळे सांगायला नको. तरीपण सुट्टीच्या बाबतीत व्यापारीही हे विसरतात.

बदल कोठे फायद्याचा?

पहिली गोष्ट कुटुंबाच्या आकाराची. अदलाबदलीत हॉटेलची खोली घेण्यापेक्षा स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड मिळत असेल तर फायदा खरा. आईवडील, दोन-तीन मुले असे मोठे कुटुंब असेल तर हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागतात. गर्दीच्या हंगामात ८ हजारांच्या दोन खोल्या सात रात्री घेतल्या तर १ लाख १२ हजार होतात. त्याऐवजी एकाच बिऱ्हाडात सर्व मावत असतील तर वरील ५८ हजारांचा पूर्ण खर्च धरूनही मोठी बचत होते. परदेशात हलाल जेवणाची चौकशी करत फिरण्यापेक्षा दोन वेळचे अन्न स्वतः शिजवता येणे ही आपल्या कुटुंबांसाठी मोठी सोय आहे. ती पैशात धरली पाहिजे. मात्र स्वयंपाकाची परवानगी आहे किंवा नाही, भांडी मिळतात किंवा नाही, हे आधी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट हंगामाच्या फरकाची. महाराष्ट्रातील शाळांना सुट्टी साधारण मेपासून जूनच्या मध्यापर्यंत असते. युरोपच्या किनारपट्टीवर तेव्हा हवा चांगली असते, पण खरी गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये होते. म्हणून आपल्या सुट्टीच्या तारखांना तिकडे पॉइंट तुलनेने कमी लागतात. भारतातील मे महिन्याचा महाग आठवडा आधी जमा करून पुढच्या वर्षी त्यातून युरोपचा मे महिना घेणे, हा सौदा वजनात बसू शकतो. उलट आखातात राहणाऱ्या कुटुंबांना शाळांची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये मिळते. तेव्हा युरोप ऐन गर्दीत असतो आणि गोवा-कोकण पावसात असते. पावसाळ्यातला गोवा रोख पैशांतही स्वस्त मिळतो. त्यासाठी पॉइंट मोडू नयेत. उन्हाळ्यातील दुबईची गोष्टही तीच. तेव्हा तेथील हॉटेलांचे दर उतरलेले असतात.

तिसरी गोष्ट वेळेची. आठवडा जितका लवकर जमा कराल तितके त्याचे वजन जास्त. आर.सी.आय.च्या आठवड्यांच्या पद्धतीत साधारण नऊ महिने आधी जमा केलेल्या आठवड्याला पूर्ण वजन मिळते, आणि तारीख जवळ येईल तसे ते घटत जाते. इंटरव्हलमध्ये आधी मागणी नोंदवून, मनासारखे ठिकाण पक्के झाल्यावरच आपला आठवडा सोडण्याचाही मार्ग आहे. ज्याला वर्षभर आधी तारखा ठरवता येतात त्यालाच अदलाबदल फळते. ज्या दुकानदाराला पंधरा दिवस आधीही रजेचा भरवसा नसतो, त्याने पॉइंटच्या भानगडीत न पडणे बरे.

आणि बदल कोठे तोट्याचा?

पॉइंट देऊन शहरातील हॉटेल, विमान तिकीट, भाड्याची मोटार किंवा एखादी वस्तू घेणे हा बहुधा सर्वांत वाईट सौदा असतो. समजा, पूर्ण आठवड्याचे पॉइंट देऊन ५ हजार रोजाच्या हॉटेलात तीन रात्री मिळाल्या. १५ हजारांच्या मुक्कामासाठी २४ हजारांचे देखभाल शुल्क खर्ची पडले. शुल्काव्यतिरिक्त काही लागले नाही असे धरले तरी ९ हजार गेले. पॉइंटची मुदत संपत आली असून दुसरा मार्गच नसेल, तेव्हाच हा पर्याय घ्यावा.

आणखी एक बाब विक्रेते सांगत नाहीत. साठ्यात शिल्लक राहिलेले मुक्काम या संस्था आपल्या सदस्यांना रोख पैशांतही विकतात. आर.सी.आय.मध्ये त्यांना एक्स्ट्रा व्हेकेशन्स म्हणतात, इंटरव्हलमध्ये गेटवेज. कमी गर्दीच्या काळात हा रोख दर कित्येकदा देखभाल शुल्कापेक्षाही कमी असतो. म्हणून पॉइंट देण्यापूर्वी तोच मुक्काम रोखीत केवढ्याला आहे, हे अवश्य पाहावे. रोखीत स्वस्त असेल तर पैसे द्यावेत आणि पॉइंट चांगल्या हंगामासाठी राखावेत.

अदलाबदलीतून मिळते ती फक्त राहण्याची जागा. विमानाचे भाडे, व्हिसा, विमा हे सर्व आपल्याला करायचे असते. चार माणसांच्या युरोपच्या तिकिटांपुढे मुक्कामातील बचत कित्येकदा नगण्य ठरते. व्हिसा नाकारला गेला तर पक्का केलेला मुक्काम हातचा जातो आणि शुल्कही सहसा पूर्ण परत मिळत नाही. मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांवरील अनेक रिसॉर्टांत अदलाबदलीने येणाऱ्यालाही खाण्यापिण्याचे सक्तीचे शुल्क दर माणशी, दर दिवशी भरावे लागते. ज्याला तेथील मद्य आणि मांस दोन्ही वर्ज्य आहे, त्यानेही ते भरायचे. अन्य ठिकाणी वीज, स्वच्छता, स्थानिक कर असे खर्च निघतात. आपल्याऐवजी भावाला किंवा मुलीला पाठवायचे तर पाहुण्याच्या दाखल्याचे शुल्क निराळे.

करारात काय पाहावे?

अदलाबदलीची सोय ही रिसॉर्ट कंपनीची नसते, ती तिसऱ्या संस्थेची असते. रिसॉर्ट कंपनी आणि ती संस्था यांच्यातील करार संपला की ठिकाणांची यादी बदलते. डिस्नेचा व्हेकेशन क्लब जानेवारी २००९ मध्ये इंटरव्हल सोडून आर.सी.आय.कडे गेला आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा इंटरव्हलकडे आला. एवढ्या बड्या कंपनीच्या सदस्यांची यादी दोनदा पालटली, तर छोट्या कंपनीच्या रंगीत पुस्तिकेवर कितीसा भरवसा ठेवावा? शिवाय मध्यस्थ वाटणाऱ्या या दोन्ही संस्था आज टाइमशेअर विकणाऱ्या समूहांच्याच मालकीच्या आहेत. आर.सी.आय. ट्रॅव्हल अँड लेझर कंपनीकडे आणि इंटरव्हल २०१८ पासून मॅरियट व्हेकेशन्स वर्ल्डवाइडकडे आहे.

करारावर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. देखभाल शुल्क किती, ते वाढवण्याला मर्यादा आहे काय? अदलाबदल संस्थेची वर्गणी किती वर्षांची धरली आहे आणि पुढे ती कोणी भरायची? न वापरलेले दिवस किंवा पॉइंट किती काळ टिकतात? शुल्क थकले तर बुकिंग बंद होते काय? सदस्यता मुलांच्या नावे करता येते काय आणि मधेच सोडायची तर काय परत मिळते? हप्त्यांची सोय असेल तर त्यातील व्याज वेगळे दाखवून मागावे. "सोपे हप्ते" या शब्दाखाली बहुधा बँकेचे किंवा वित्तकंपनीचे व्याजी कर्जच असते. व्याज टाळू इच्छिणाऱ्या वाचकांनी ही गोष्ट सहीनंतर नव्हे, सहीपूर्वी तपासावी.

युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर घेणाऱ्याला चौदा दिवसांत विनाकारण करार रद्द करण्याचा हक्क दिला आहे आणि त्या मुदतीत आगाऊ रक्कम घेण्यास बंदी केली आहे. हा निर्देश अदलाबदलीच्या करारांनाही लागू आहे. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. येथे आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. विक्रेत्याने दिलेली वचने पाळली नाहीत तर ती सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापार प्रथा म्हणून जिल्हा ग्राहक आयोगापुढे नेता येते. कंपनीचे कार्यालय चेन्नईत किंवा मुंबईत असले तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही या कायद्याची मोठी सोय आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र आयोगापुढे तोंडी वचन सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून विक्रेता जे बोलतो ते त्याच्याच ई-मेलवरून किंवा कंपनीच्या कागदावर मागून घ्यावे. जो लिहून देण्यास कचरतो, त्याचे बोलणे किती खरे मानावे हे वाचकांनी ठरवावे.

सारांश असा, की ज्यांच्याजवळ पॉइंट आहेत त्यांनी ते पडून वाया जाऊ देऊ नयेत. देखभाल शुल्क तर भरलेलेच असते. वर्षाच्या आरंभीच घरच्यांना घेऊन बसावे, तारखा ठरवाव्यात, आठवडा लवकर जमा करावा, गर्दीच्या हंगामातील मोठ्या बिऱ्हाडासाठी पॉइंट वापरावेत आणि स्वस्त काळात रोख पैसे देऊन राहावे. प्रत्येक वेळी तीन आकडे कागदावर मांडावेत : हातचा आठवडा केवढ्याचा, बदलण्याचा खर्च किती आणि मिळणारा मुक्काम बाजारात केवढ्याला. तिसरा आकडा पहिल्या दोहोंच्या बेरजेपेक्षा मोठा असेल तरच बदल करावा. आणि ज्यांनी अद्याप सही केलेली नाही त्यांनी पुढील पंचवीस वर्षांच्या सुट्टीचे पैसे आज भरण्याची घाई करू नये. बैठकीत "आजच्या दिवसापुरती" म्हणून दिलेली सवलत बहुधा पुढच्या आठवड्यातही मिळते. सही मात्र एकदा झाली की मागे घेता येईलच असे नाही.